उतार

"बाई, तुमचे ब्रेकपॅड पुन्हा संपले,"
मेहबूब तांबोळी चिमटीत धरून दाखवतो,
नाना पेठेतल्या त्याच्या बोळात,
जिथे छताला रिमा टांगल्यात लसणीच्या माळांसारख्या.
"लोकांचे आधी टायर जातात.
तुमचं उलटंच."

काय सांगणार त्याला.
विम्याच्या ऑफिसात दाव्यांचं टेबल माझं,
सव्वीस वर्षं पंचनामे वाचते:
सदर इसम, सदर ठिकाणी, तीव्र उतार,
वळणावर वाळू.
घाटाच्या प्रत्येक वळणाला
माझ्याकडे एक फाइल आहे.

चढ मात्र द्या कितीही.
पहाटे येवलेवाडी मागे पडली
की बोपदेव घाटात मी माझ्या चालीने,
सगळ्यात हलका गिअर,
त्याच्याखाली आणखी एक हवा होता असं वाटणारा,
डोळ्यांत मीठ, तोंड उघडं,
पुढच्या चाकापुढे हातभर डांबर
एवढंच जग.
कार्बनच्या सायकलींवरची पोरं सपासप पुढे जातात,
"चला काकू!"
काकू चालल्यातच, बाळा.
चढावर कोणी मरत नाही.
वाटतं तसं, ते वेगळं.

मागून ढमढेरे सर. तेहतीस वर्षं भूगोल.
निवृत्त झाले तरी रस्त्याकडे बघतात
समोच्च रेषा काढल्यासारखे.
"इथे नऊ टक्के," सांगतात, दम नसतानाही.

त्यांनीच एका रविवारी वेताळ टेकडीवर नेलं,
जाड टायरची सायकल उसनी देऊन.
खाणीकडची वाट, मुरूम, सुटे दगड,
मधोमध पावसाने पाडलेली घळ.
"मागे सरा. आणखी. सीटच्याही मागे,"
सर जरा लाजले सांगताना.
"आणि दगडाकडे बघू नका.
बघाल तिथेच जाल."
मी दगडाकडे बघितलं.

कोपरावर अजून आहे त्याची सही.
उताणी पडले होते, वर आभाळ
आणि माझंच मागचं चाक फिरतंय,
टिक टिक टिक टिक,
पलीकडे मोर केकाटतोय,
आणि देवाशपथ,
मला हसू आलं.
हे कुठल्याच पंचनाम्यात नसतं.

परवा घाटमाथ्यावर चहा पिऊन आम्ही वळलो,
तर पुढ्यात टेम्पो,
सासवडचा वाटाणा मार्केट यार्डाला चाललेला.
एक पोतं उसवलेलं.
वळणागणिक मूठभर शेंगा रस्त्यावर.
मी आपली नेहमीसारखी
दोन्ही लिव्हर आवळून,
जशी लहानपणी धरायचे आईचा पदर गर्दीत.
टेम्पो लांब गेला.
तिसऱ्या वळणावर काय झालं, माहीत नाही,
बोटं दुखत होती, एवढंच असेल.
सोडली.

किरकिरणारं फ्रीव्हील
एका सुरावर आलं.
बाहेरचं पेडल खाली, नजर वळणापलीकडे,
तिथे शहर होतं, दिवे अजून न मालवलेलं.
थंडी गळ्यातून शिरून पाठीवर फुगली,
डोळ्यांतलं पाणी कानांकडे गेलं,
रात्रभराचा ताप पहाटे उतरावा
तसं अंगातून काही उतरत राहिलं.
सायकलला येत होतं सगळं.
मीच इतकी वर्षं मधे मधे बोलत होते.

चार वळणं.
पाचव्याला शेळ्या होत्या,
ब्रेक लावले.
त्यासाठीच असतात ते.

सर वीस मिनिटांनी आले.
मी फाइल मनात भरायला घेतली होती
आणि हे खिसे फुगवून हजर,
सगळ्या शेंगा वेचत आले होते वाटभर.
"निम्म्या तुमच्या."
कठड्यावर बसून सोलल्या, कच्च्याच खाल्ल्या.
एकीत अळी निघाली.
सरांनी तिला गवतावर सोडलं
आणि उंची किती असेल इथली, यावर बोलत राहिले.

साडेदहाला टेबलावर पहिली फाइल.
नाव, तारीख, ठिकाण.
पान उलटताना दिसलं,
नखांत हिरवं होतं.